शंका आहे, पण कोणती? एका मराठी शब्दाला दोन इंग्रजी शब्द असले की तुम्ही निवड कशी करता?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात कामावर माझ्या हातून एक चूक झाली आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

मी ऐरोलीला एका कंपनीत हिशेब जुळवायच्या कामावर आहे. क्लायंट ब्रिटनमधला. महिनाअखेरीला त्यांचे तक्ते येतात, ते आम्ही ताडून बघतो. त्या दिवशी दुसऱ्या तक्त्यातल्या काही बेरजा मला खटकल्या. मूळ बिलं त्यांच्याकडे, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. मनात वाक्य आलं ते असं: "दुसऱ्या तक्त्यातले आकडे चुकलेत अशी मला शंका आहे." आणि मी लिहून टाकलं, "आय डाउट दॅट द फिगर्स इन द सेकंड शीट आर राँग."

पलीकडच्या बाईंनी आभार मानले आणि तक्ता पुढे पाठवून दिला. दोन दिवसांनी चूक बाहेर आली. त्यांनी माझंच वाक्य मला परत पाठवलं आणि विचारलं की आकडे चुकीचे नसावेत असं तुम्हीच कळवलं होतं ना? मी ते वाक्य तीनदा वाचलं. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर. काय बिघडलंय तेच कळेना. शेवटी टीममधल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी शेजारी बसून समजावलं. 'आय डाउट दॅट' म्हणजे पुढची गोष्ट खरी नसावी असं वाटणं. 'आय सस्पेक्ट दॅट' म्हणजे पुढची गोष्ट खरी असावी असं वाटणं. मला म्हणायचं होतं त्याच्या नेमकं उलटं मी कळवलं होतं.

आपली 'शंका' दोन्ही घरची. "तो वेळेवर येईल का, शंकाच आहे" इथे डाउट. "पैसे त्यानेच उचलले अशी शंका आहे" इथे सस्पेक्ट. मराठीत वाक्याची घडणच सांगते की मन कुठल्या बाजूला झुकलंय. इंग्रजीत ते झुकणं शब्दाच्या पोटात असतं आणि मी शब्दच चुकीचा उचलला.

मी ठाण्यात मराठी माध्यमात शिकलो. आमच्या वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी शब्द. डाउट बरोबर शंका. सस्पेक्ट बरोबर शंका, संशय. ती वही मी मनापासून पाठ केली होती. आता वाटतं, मधलं ते बरोबरचं चिन्हच खरं नव्हतं.

चुकीनंतर 'गोंधळात पाडणाऱ्या शब्दजोड्यां'च्या याद्या शोधून वाचल्या. अफेक्ट-इफेक्ट, स्टेशनरी-स्टेशनरी, प्रिन्सिपल-प्रिन्सिपल. या बहुतेक जोड्या इंग्रजी घरात बोलणाऱ्या माणसाला अडवतात, कारण त्या कानाला सारख्या लागतात. डाउट आणि सस्पेक्ट कानाला मुळीच सारखे नाहीत. ते सारखे झाले ते माझ्या मराठी मनात. म्हणजे आपले अडखळण्याचे दगड वेगळे आहेत आणि त्यांची यादी आपणच करायला हवी. तुम्ही कुठे अडखळलात? आणि दोन शब्दांतला एक उचलताना मनात काय ताडून बघता?

फळा_खडू

अगदी माझ्या रोजच्या कामातला विषय. मी कळव्याला मराठी शाळेत सातवी-आठवीला इंग्रजी शिकवते.

तुमच्या वहीतलं बरोबरचं चिन्ह मी काही वर्षांपूर्वी सोडून दिलं. आता फळ्याच्या मधोमध मराठी शब्द लिहिते आणि त्याला फाटे काढते. पहिल्या दिवशी नेहमी 'बोट'. हाताचं असेल तर फिंगर, पायाचं असेल तर टो. मुलांना गंमत वाटते की इंग्रजांना याला दोन शब्द लागतात. मग 'सावली'. झाडाच्या सावलीत बसलो तर शेड, संध्याकाळी माझी सावली लांब पडली तर शॅडो. शेडला आकार नसतो, गारवा असतो. शॅडोला आकार असतो. 'शोध' घेतला की डिस्कव्हर आणि इन्व्हेंट: आधीपासून होतं ते सापडलं, की नव्हतं ते घडवलं? 'ऐकणे'ला तीन फाटे निघतात. कानावर पडलं ते हिअर, कान देऊन ऐकलं ते लिसन, आणि 'आईचं ऐक' मधलं ऐकणं म्हणजे ओबे. आईचं लिसन करूनही तिचं न ऐकणारी मुलं वर्गात असतातच, त्यांना हा फरक लगेच पटतो.

सगळ्यात जास्त वेळ मी 'लाज' या शब्दावर घालवते. त्याचं कारण सांगते. एका मुलीने निबंधात लिहिलं होतं की स्टेजवर गाताना ती 'अशेम्ड' होती. मुलगी सुरेल गाते. मी लाल रेघ मारली नाही, तिला बोलावून विचारलं, "काही वाईट केलं होतंस का?" ती घाबरून म्हणाली, "नाही बाई, सगळे बघत होते म्हणून लाज वाटली." ते शाय. हातून वाईट घडलं, कुणाला फसवलं, तर वाटते ती लाज अशेम्ड. आणि गाता गाता मधलं कडवं विसरलं, सगळ्यांसमोर फजिती झाली, तर ती एम्बॅरस्ड. तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दल चुकून 'अशेम्ड' लिहावं हे मला नुसत्या मार्कांपुरतं वाटलं नाही. परक्या भाषेतसुद्धा तिने स्वतःवर नसलेला दोष घेऊ नये.

सरळसोट

विषय चांगला आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे, स्पष्ट लिहितो.

आपल्याकडे वर्गात हात वर करून "सर, आय हॅव अ डाउट" म्हणतात. म्हणजे प्रश्न आहे. देशभर हे चालतं आणि सगळ्यांना कळतं. 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, हा शब्द आपण रुळवला आणि तो उपयोगी आहे. भारतीय इंग्रजीला स्वतःचा संसार आहे. प्रत्येक शब्दाला लंडनचं माप लावत बसलो तर आपली पोरं तोंडच उघडणार नाहीत. मी स्वतः तुर्भ्याच्या मार्केटमध्ये वीस वर्षं केरळच्या, पंजाबच्या व्यापाऱ्यांशी मोडक्या इंग्रजीत व्यवहार केलेत. माल पोचला, पैसे आले. भाषा पोचली की झालं.

ऐरोलीकर

सरळसोट, तोंड उघडलं पाहिजे हे शंभर टक्के मान्य. "आय हॅव अ डाउट" बद्दलही माझी तक्रार नाही. समोरचा फार तर क्षणभर थांबेल आणि मग आपला प्रश्न ऐकून घेईल. माझ्या वाक्यात मात्र भाषा पोचली, आणि उलटी पोचली. समोरच्या बाईंना काही कळलं नाही असं झालं असतं तर त्यांनी परत विचारलं असतं. त्यांना व्यवस्थित कळलं, फक्त मी म्हटलंच नव्हतं ते कळलं. मला भीती या जातीच्या चुकीची आहे. ती कुणालाच दिसत नाही.

रात्रपाळी

धागा वाचला आणि राहवलं नाही. मी वाशीला एका रुग्णालयात नर्स आहे. माझ्या कामातला मोठा भाग खरं तर भाषांतराचा आहे: पेशंट मराठीत सांगतो, केसपेपरवर इंग्रजीत उतरवायचं.

आमच्याकडचा सगळ्यात अवघड शब्द 'चक्कर'. कोपरखैरण्याहून आलेल्या एका आजी म्हणाल्या, "चक्कर येते गं." नवीन असते तर मी 'गिडीनेस' लिहून मोकळी झाले असते. गिडीनेस हा शब्द आपल्या 'चक्कर'सारखाच ढगळ आहे, त्यात दोन वेगळ्या गोष्टी मावतात. डॉक्टरांना हवं असतं ते हे: खोली गरगर फिरते का? मग ते व्हर्टिगो, बहुतेक वेळा आतल्या कानाकडे बोट दाखवणारं. की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, आता पडेन असं वाटतं? मग ते लाइटहेडेड, तिथे आधी रक्तदाब आणि हृदय बघावं लागतं. तपासण्या वेगळ्या, घाई वेगळी. मी आजींना इंग्रजी शब्द विचारूच शकत नव्हते. मी विचारलं, "आजी, घर फिरतंय की अंधारी येतेय?" आजी ताबडतोब म्हणाल्या, "अंधारी. घर कशाला फिरेल?"

बघा, फरक मराठीत आधीपासूनच होता. गरगरणं वेगळं, अंधारी वेगळी, भोवळ वेगळी. 'चक्कर' हा वरचा एकच झाकणाचा शब्द आपण वापरतो आणि मग वाटतं की इंग्रजीत बारकावे जास्त आहेत.

दुखण्याच्या बाबतीत तर मी मराठीच्या बाजूने भांडायला तयार आहे. नवीन मुली प्रत्येक ठिकाणी 'पेन' लिहितात. पेशंट काय म्हणाला ते विचारलं की उत्तर येतं, "ठणकतंय म्हणाला." मग लिहा ना थ्रॉबिंग, नाडीच्या ठोक्याबरोबर येणारं. कळ येऊन जाते, पुन्हा येते, ते कॉलिकी. कमरेत चमक भरली ते सडन, शार्प. आग होते ते बर्निंग. जखमेवर औषध लागल्यावर चुरचुरतं ते स्टिंगिंग. मुंग्या येतात ते टिंगलिंग, आणि बधिर झालं ते नम. मुंग्या आणि बधिरपणा यांची तर रोज सरमिसळ होते, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत.

अजून एक, 'लक्षण'. आजार्‍याला जाणवतं आणि तो सांगतो ते सिम्प्टम. दुसऱ्याला दिसतं, मोजता येतं ते साइन. अंगात कसकस आहे हा सिम्प्टम, थर्मामीटरमध्ये १०१ आला ही साइन. मराठीत दोन्हीला लक्षणच म्हणतो.

ऐरोलीकर, निवड कशी करता विचारलंत. मी इंग्रजीत शोधत नाही. मराठी शब्दाला आणखी एक प्रश्न विचारते. तो प्रश्न विचारला की इंग्रजी शब्द आपोआप पुढे येतो.

नेरूळ_लोकल

वाचनखूण साठवली आहे. माझा छोटा प्रश्न: हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल यात खरंच फरक आहे का? आणि फास्ट-क्विकमध्ये? आपल्या रोजच्या प्रवासात फास्ट लोकल आहे, क्विक लोकल का नाही?

तलावपाळी

ठाणेकर म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा माझा हक्क आहे!

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली, ३४ किलोमीटर. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे आणि जवळपास चारशे पाहुणे. ही घटना हिस्टॉरिक: इतिहास घडवणारी, मोठी. त्या काळातला एखादा साधा मालपत्रक-कागद तुमच्या हाती लागला, तर तो हिस्टॉरिकल: इतिहासाशी संबंधित, मग तो कितीही क्षुल्लक असो. मराठीत 'ऐतिहासिक दस्तऐवज' आणि 'ऐतिहासिक विजय' दोन्हीकडे एकच शब्द. इकॉनॉमिक-इकॉनॉमिकल तसंच. देशाचं धोरण इकॉनॉमिक, म्हणजे आर्थिक. कमी पेट्रोल पिणारी स्कूटर इकॉनॉमिकल, म्हणजे काटकसरी. इथे मराठीत शब्द वेगळे आहेत, म्हणून आपण सहसा चुकत नाही. तुमचा सिद्धांत बरोबर बसतो, ऐरोलीकर.

फास्ट म्हणजे वेग, क्विक म्हणजे थोडक्या वेळात उरकलेलं. गाडी फास्ट, कारण ती वेगाने जाते आणि मधली स्टेशनं सोडते. स्टेशनबाहेर उभ्याने घेतलेला कटिंग चहा क्विक, कारण दोन मिनिटांत संपला. चहाला वेग नसतो.

पावसावरून आणखी एक जोडी देतो. कंटिन्युअस म्हणजे मधे खंड नाही, कंटिन्युअल म्हणजे पुन्हा पुन्हा, मधे उसंत देत. जुलैतली संततधार कंटिन्युअस, श्रावणातल्या सरी कंटिन्युअल. 'सतत' हा एकच शब्द धरून बसलात तर फरक सापडणार नाही. 'अखंड' आणि 'वरचेवर' घेतलेत तर लगेच सापडतो.

पारसिक

रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात एका रसायन कारखान्यात सेफ्टीचं काम करतो. आमच्याकडे शब्दाची चूक अंगावर येते, म्हणून थोडं सविस्तर.

नवीन कामगार आला की मी त्याला पिंपावरचा शब्द वाचायला लावतो: 'इनफ्लेमेबल'. बारावी झालेली मुलं आत्मविश्वासाने सांगतात, "न पेटणारं." तर्क चोख आहे. इनकरेक्ट म्हणजे बरोबर नाही, इनकम्प्लीट म्हणजे पूर्ण नाही, तसं इनफ्लेमेबल म्हणजे पेटत नाही. पण इथला 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये 'इनफ्लमारे' म्हणजे पेटवणं, त्यातून हा शब्द आला. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्हींचा अर्थ एकच: पटकन पेट घेणारं. याच गैरसमजामुळे आता पाट्यांवर 'फ्लेमेबल' लिहिण्याची पद्धत पडली आहे. तरी जुन्या पिंपांवर आणि टँकरवर तो शब्द अजून दिसतो. न पेटणाऱ्याला नॉनफ्लेमेबल. आणि 'कम्बस्टिबल' हा तिसरा भाऊ: पेटतो, पण आधी तापवावा लागतो. ॲसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानातही ठिणगी मिळाली तर पेट घेते, म्हणून ते फ्लेमेबल. लाकडाचा ओंडका कम्बस्टिबल.

दुसरा शब्द 'धोका'. कोपऱ्यात बंद झाकणाचा ॲसिडचा ड्रम उभा आहे, तो हॅझर्ड. इजा करायची ताकद त्या वस्तूच्या अंगात आहे, कुणी जवळ असो वा नसो. त्या ड्रमजवळून माणसं किती वेळा जातात, झाकण कसं आहे, हातमोजे आहेत का, यावरून इजा होण्याची शक्यता आणि ती किती गंभीर असेल ते ठरतं, ती रिस्क. हॅझर्ड तोच राहतो, रिस्क आपण कमी करू शकतो. माझं सगळं काम या एका फरकावर उभं आहे. मराठीत सांगताना मी म्हणतो, "धोका ड्रममध्ये आहे, जोखीम तुमच्या वागण्यात आहे." 'जोखीम' हा आपला बाजारपेठेतला जुना शब्द इथे फार कामाला येतो.

सुरक्षा या शब्दाचंही तेच. गेटवर तुमची पिशवी तपासतो तो सिक्युरिटीचा माणूस, डोक्यावर हेल्मेट आहे का बघतो तो सेफ्टीचा. पहिला कुणाच्या वाईट हेतूपासून राखतो, दुसरा अपघातापासून. दोघांच्या दारावर मराठीत 'सुरक्षा विभाग' असं एकसारखंच लिहिलेलं मी पाहिलंय.

रोहितपक्षी

पारसिक यांचा प्रतिसाद कारखान्यात छापून लावण्यासारखा आहे.

मी खाडीवर पक्षी बघायला जाणारा. माझा शब्द आपल्या घराजवळचाच: 'क्रीक'. अमेरिकेतला माझा मावसभाऊ सुट्टीत आला होता. त्याला फोनवर सांगितलं होतं की ठाणे क्रीकवर फ्लेमिंगो बघायला जाऊ. ऐरोलीला बोटीत बसल्यावर तो समोरचं पाणी बघतच राहिला. त्याच्या डोक्यात क्रीक म्हणजे दगडांवरून खळखळणारा ओढा, पँट दुमडून पार करता येईल असा. अमेरिकेत अर्थ तोच आहे. ब्रिटिश वापरात क्रीक म्हणजे समुद्राचं पाणी जिथे आत शिरतं, भरती-ओहोटी चालते, ते अरुंद मुख. आपली खाडी. इंग्रज इथे आले म्हणून आपल्याला त्यांचा अर्थ मिळाला. २०१५ मध्ये इथे अभयारण्य घोषित झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, तिथेही नाव क्रीकच आहे. म्हणजे एकाच भाषेतला एकच शब्द गावाप्रमाणे बदलतो, हेही निवड करताना लक्षात घ्यायला हवं: वाचणारा कुठला आहे?

खाडीकाठचे बाकीचे शब्दही असेच. मार्श आणि स्वाँप दोन्ही शब्दकोशात 'दलदल'. पण मार्शमध्ये गवत, लव्हाळे, स्वाँपमध्ये झाडं. म्हणून मँग्रोव्ह स्वाँप म्हणतात आणि सॉल्ट मार्श म्हणतात. मडफ्लॅट म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची सपाट जमीन, रोहित (फ्लेमिंगो) तिथेच चरतात. आपल्या आगरी-कोळी मंडळींना हे शिकवायला नको. खाजण वेगळं, तिवरं वेगळी, चिखल वेगळा, त्यांच्या बोलण्यात हे कधी एकत्र होत नाही. 'दलदल' हा शब्द मी तरी किनाऱ्यावर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. तो शाळेच्या पुस्तकातून आला.

तलावपाळी

रोहितपक्षी, खाडीवरून तलावाकडे येतो. ठाण्याच्या मासुंदा तलावाला लेक म्हणायचं, पाँड की टँक? आकाराने पाँड लहान, लेक मोठा. आणि माणसांनी बांधून काढलेल्या तलावाला भारतातले इंग्रज टँक म्हणत. हा शब्द त्यांनी इथूनच उचलला असं मानतात. गुजराती-मराठी 'टाकं', आपल्या गडकिल्ल्यांवर खडकात खोदलेलं असतं ते. त्यात पोर्तुगीज 'टँक'सारख्या उच्चाराच्या शब्दाची भर पडली. पुढे १९१५ मध्ये इंग्रजांनी रणगाडा गुपचूप बनवताना तो पाण्याची टाकी आहे असं भासवलं आणि रणगाड्यालाही तेच नाव चिकटलं. किल्ल्यावरचं टाकं आणि रणगाडा एका शब्दात राहतात, हे आठवलं की मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

दस्तनोंदणी

घणसोलीत भाडेकरारांचं काम करतो. आमच्या धंद्यात एका शब्दाने घराचा ताबा बदलतो, म्हणून लिहितोय.

लोक म्हणतात "घर भाड्याने दिलं." कागद मात्र दोन प्रकारचा असू शकतो. लीज म्हणजे भाडेपट्टा. त्यात जागेतला काही हक्क ठरलेल्या मुदतीपुरता समोरच्याकडे जातो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०५ बघा. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी. जागेतला हक्क मालकाकडेच राहतो, समोरच्याला फक्त वापरायची मुभा. तीही १८८२ चीच, सुविधाधिकार कायदा, कलम ५२. आपल्याकडे अकरा महिन्यांचं 'लीव्ह अँड लायसन्स' चालतं ते हे दुसरं. म्हणून त्या करारात 'रेंट' लिहीत नाहीत, 'लायसन्स फी' लिहितात. 'टेनंट' लिहीत नाहीत, 'लायसन्सी' लिहितात. आणि नुसतं वर नाव लिहून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितलंय की कागदावर काय नाव आहे त्यापेक्षा दोघांचा खरा हेतू काय होता ते बघायचं.

त्यातल्या 'लीव्ह' शब्दाबद्दल सांगतो, कारण सगळे मला विचारतात की इथे सोडण्याचा किंवा सुट्टीचा काय संबंध. इथे 'लीव्ह' म्हणजे परवानगी, जुना इंग्रजी अर्थ. ऑफिसातली लीव्हसुद्धा मुळात तीच, गैरहजर राहायची परवानगी. आणि आपला 'रजा' शब्द? अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ संमती, खुशी. 'रजामंदी' मध्ये तो अजून आहे. "रजा घेतो" म्हणजे जायची परवानगी घेतो. दोन भाषांत दोन शब्द वेगवेगळ्या वाटेने चालत एकाच ठिकाणी पोचले. हे समजलं त्या दिवशी मी घरी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं.

नेरूळ_लोकल

रजा वाचून थक्क झालो. आता बाय आणि पर्चेस, आस्क आणि एन्क्वायर, एंड आणि टर्मिनेट यांचं सांगा कुणीतरी. अर्थ एकच वाटतो.

तलावपाळी

अर्थ जवळपास एकच, पेहराव वेगळा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि कचेरीत फ्रेंच आली. घरातले जुने शब्द राहिले आणि त्यांच्या शेजारी फ्रेंच, लॅटिन शब्द येऊन बसले. बाय घरचा, पर्चेस कचेरीतला.

हे मराठी माणसाला अवघड जायचं कारण नाही. आपल्याकडे 'पाऊस' आहे, पण शासन 'अतिवृष्टी' जाहीर करतं. 'अतिपाऊस' कुणी म्हणत नाही. 'घर' आहे, पण मंत्री 'गृहमंत्री'. 'दूध' आहे, पण 'दुग्धव्यवसाय'. आईला "दुग्ध तापव" असं कुणी सांगत नाही. तोच कान इंग्रजीला लावायचा. मित्राला विचारताना 'एन्क्वायर' म्हणजे "दुग्ध तापव".

सरळसोट

एन्क्वायरचा विषय निघाला म्हणून परत आलो. काल रात्री माझ्या पुतण्याने हा धागा वाचून मला एक गोष्ट दाखवली. ब्रिटिश वापरात 'ई'ने सुरू होणारी एन्क्वायरी म्हणजे साधी विचारपूस, आणि 'आय'ने सुरू होणारी इन्क्वायरी म्हणजे अधिकृत तपास. अमेरिकेत दोन्हीला 'आय'च चालतो. आपल्याकडे दोन्हीला 'चौकशी'. स्टेशनवर चौकशी खिडकी आणि अपघातानंतर चौकशी समिती.

मागच्या वर्षी मी एका परदेशी खरेदीदाराला कळवलं होतं की तुमच्या मालाबद्दल आमच्याकडे 'इन्क्वायरी' चालू आहे, 'आय'ने. मला सांगायचं होतं की गिऱ्हाइकं विचारतायत. त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी काळजीने फोनवर, कसला तपास चाललाय म्हणून. तेव्हा मला वाटलं होतं की तोच जरा घाबरट आहे. आता समजलं. तोंड उघडायला पाहिजे हे माझं मत कायम आहे, पण लेखी व्यवहारात ऐरोलीकरांचं म्हणणं मला मान्य.

ऐरोलीकर

सरळसोट, मनापासून आभार. हे लिहायला मोठं मन लागतं.

मी या आठवड्यात एक सुरू केलंय. जुन्या वहीसारखीच नवी वही केली, पण उलट्या बाजूने. डावीकडे मराठी शब्द आणि पुढे रात्रपाळी ताईंसारखा प्रश्न. शंका: खरं असावं की नसावं? धोका: वस्तूत की वागण्यात? सुरक्षा: माणसापासून की अपघातापासून? लाज: दोष आहे का? खात्री या शब्दापाशी बराच वेळ अडकलो. समोरच्याला धीर दिला तर अ‍ॅशुअर, गोष्ट घडेल अशी तजवीज केली तर एन्शुअर, विमा उतरवला तर इन्शुअर. माझा प्रश्न लिहिलाय, "खात्री कुणाला देतोय: माणसाला, कामाला की पैशाला?" यापेक्षा नेमका प्रश्न कुणाला सुचला तर सांगा.

काल क्लायंटला पुन्हा तसंच लिहायची वेळ आली. "आय सस्पेक्ट" लिहिलं, आणि तरी खाली साध्या शब्दांत आणखी एक ओळ टाकली: कृपया बेरीज पुन्हा तपासा. त्यांनी तपासली. बेरीज खरंच चुकली होती.

फळा_खडू

तुमचे प्रश्न मी आज फळ्यावर लिहिले, विचारल्याशिवाय, रागावू नका. मग मुलांना म्हटलं, आता तुम्ही एक शब्द द्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, कंटाळा."

पूर्ण तास गेला. करायला काही नाही तर बोअर्ड. तेच तेच करून नको झालं तर टायर्ड ऑफ. काम समोर आहे, अंगात बळही आहे, पण उठवत नाही, तो कंटाळा? एक म्हणाला लेझी. दुसरी म्हणाली, "नाही बाई, लेझी माणूस रोज असतो, कंटाळा आज आलाय." मला तिचं म्हणणं पटलं आणि शब्द मात्र सापडला नाही. फळ्यावर तिसऱ्या फाट्याचं टोक रिकामंच ठेवलंय, उद्या पुसू नका असं शिपाईमामांना सांगून आले. कुणाला सुचतोय का?

रात्रपाळी

'डोन्ट फील लाइक इट' जवळ जातं. पण त्यात कंटाळ्याचा जडपणा नाही. रात्रपाळीनंतर सकाळी सहाला केसपेपर लिहिताना विचार करेन.